एक पाठपिशवी आणि तीन हजार डॉलर: अमेरिकेत कोणाची मुलं कोठडीत जातात?

मे २०१०. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात रात्री एका पार्टीहून दोन मुलं चालत घरी निघाली होती. त्यांतला एक कलीफ ब्राउडर, वय सोळा, कृष्णवर्णीय. पोलिसांची गाडी शेजारी येऊन थांबली. पाठपिशवी चोरल्याची तक्रार होती. पोलिसांनी खिसे तपासले, काही सापडलं नाही. तक्रारदाराकडे पुन्हा चौकशी केली तेव्हा तो म्हणाला की चोरी आजची नाही, दोन आठवड्यांपूर्वीची. तरीही दोघांना ठाण्यावर नेलं.

कलीफचा जामीन ठरला तीन हजार डॉलर. घरच्यांकडे तेवढे पैसे नव्हते. आधीच्या एका प्रकरणात तो प्रोबेशनवर होता, म्हणजे ‘नीट वाग, आम्ही लक्ष ठेवून आहोत’ अशा अटीवर सुटलेला. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांनी आरोपपत्र आलं तेव्हा जामिनाचा रस्ताच बंद झाला. न्यू यॉर्कच्या तेव्हाच्या कायद्यात सोळा वर्षांचा मुलगा प्रौढ आरोपी समजला जायचा, म्हणून त्याची रवानगी झाली रायकर्स बेटावरच्या तुरुंगात. ‘गुन्हा कबूल कर, घरी जा’ असं त्याला सांगून पाहिलं गेलं. मी केलंच नाही तर कबूल काय करू, यावर तो अडून बसला. तारखांवर तारखा पडत राहिल्या. तीन वर्षं तो आत होता, त्यांतली सुमारे दोन वर्षं एकांत कोठडीत. खटला कधी चाललाच नाही. २०१३ मध्ये सरकारनं आरोप मागे घेतले आणि तो बाहेर आला. पुढे त्यानं कॉलेजात नाव घातलं. पण आतलं सगळं त्याच्या मनातून गेलं नाही. जून २०१५ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं.

या मुलाला कोठडीत कोणी ठेवलं, गरिबीनं की कातडीच्या रंगानं? अमेरिकेतल्या अल्पवयीन मुलांच्या कैदेबद्दल वाचायला लागलं की हा प्रश्न पदोपदी आडवा येतो. मला वाटतं की या प्रश्नाचं एका शब्दातलं उत्तर देणारा माणूस, मग तो कुठल्याही बाजूचा असो, अर्धंच सांगत असतो. म्हणून जरा सावकाश पाहू.

आधी आकडा. २०२१ मध्ये अमेरिकेत दर एक लाख कृष्णवर्णीय मुलांमागे २२८ मुलं बालगुन्हेगारांच्या कुठल्या ना कुठल्या बंद जागेत होती. आपण ज्याला सर्रास ‘रिमांड होम’ म्हणतो, तसल्या जागा समजा. काही खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी, काही शिक्षा झालेल्यांसाठी. गोऱ्या मुलांमध्ये हाच आकडा होता ४९. म्हणजे जवळपास पावणेपाच पट फरक. तिथल्या मूलनिवासी समाजांच्या मुलांमध्ये तो १८१ होता, गोऱ्यांच्या साडेतीन पटींहून जास्त. हे लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेले दर आहेत, त्यामुळे ‘तिथे त्यांची संख्याच जास्त असेल’ हे उत्तर इथे चालत नाही.

मग लगेच दुसरं उत्तर येतं. ती मुलं गुन्हेच जास्त करत असतील. हे उत्तर झटकून टाकू नये, तपासून पाहावं. वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षापासून विशीपर्यंतची पोरं, विशेषतः मुलगे, जगात सगळीकडे आगाऊपणा करतात. मारामारी, दुकानातून काहीतरी उचलणं, भिंती रंगवणं, गांजा ओढून पाहणं, घरातून पळून जाणं. बहुतेक जण वय वाढलं की आपोआप सुधारतात. गंभीर हिंसेच्या बाबतीत, म्हणजे खून, बंदुकीचा धाक दाखवून लूट यांत, अमेरिकेतल्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांमधलं प्रमाण खरोखर जास्त आहे. त्याचे बळीही बहुतेक त्याच वस्तीतले असतात. हे लपवण्यात अर्थ नाही. पण किरकोळ गोष्टींकडे आलं की चित्र बदलतं. गांजाचंच पाहा. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय लोकांमध्ये गांजा ओढण्याचं प्रमाण साधारण सारखं. पण २०१० च्या आकडेवारीनुसार नुसता गांजा जवळ बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता कृष्णवर्णीयांची जवळपास पावणेचार पट होती. ओढणारे सारखे, पकडले जाणारे वेगळे.

इथे थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण मुलांचं न्यायालय मुळात कशासाठी जन्मलं हे कळल्याशिवाय पुढचं नीट लागत नाही. जगातलं पहिलं बालन्यायालय १८९९ मध्ये शिकागोला सुरू झालं. जेन अ‍ॅडम्स, ज्युलिया लॅथ्रॉप, लूसी फ्लॉवर अशा समाजसुधारक बायकांनी त्यासाठी जंग जंग पछाडलं. तोवर दहा-बारा वर्षांची मुलं मोठ्या चोरांबरोबर एकाच तुरुंगात सडायची. या बायकांचं म्हणणं साधं होतं. न्यायाधीशानं मुलाकडे आरोपी म्हणून पाहू नये, कडक पण मायाळू वडीलधाऱ्यासारखं वागावं. चुकलेल्या पोराला शिक्षा करण्याआधी त्याचं घर, शाळा, संगत बघावी. ‘पोरगं आहे, चुकलं’ हे आपण घराघरांत म्हणतो ना, ते वाक्य कायद्याच्या तोंडी घालण्याचा तो प्रयत्न होता.

कल्पना मोठ्या मनाची होती. पण तिच्या पोटात एक अडचण होती. वडीलधाऱ्यासारखं वागायचं म्हणजे सगळं त्याच्या मर्जीवर आलं. पोलिसानं मुलाला दम देऊन सोडावं की गाडीत घालावं, शाळेनं आईवडिलांना बोलवावं की पोलिसांना, न्यायाधीशानं घरी पाठवावं की आत, प्रत्येक पायरीवर कोणीतरी एक माणूस ठरवतो की या पोराला ‘चुकलं’ म्हणायचं की ‘गुन्हेगार’. मोठ्यांच्या कायद्यात नसते तेवढी मोकळीक मुलांच्या कायद्यात असते. ती मुलांच्या भल्यासाठीच ठेवलेली आहे. आणि जिथे मर्जी चालते तिथे ओळखपाळख, ऐपत आणि पूर्वग्रह आधी पोचतात. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मे २०२४ ला भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनियर गेले आणि काही तासांत त्या अल्पवयीन मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा महाराष्ट्रभर लोक का खवळले? कायद्यात मुलाला सवलत आहे म्हणून नव्हे. ही सवलत झोपडपट्टीतल्या पोराला मिळाली असती का, हा प्रश्न प्रत्येकाच्या ओठावर होता म्हणून.

आता गरिबी या मर्जीत कशी शिरते ते पाहा.

जून १९६४, ॲरिझोनातलं ग्लोब नावाचं छोटं गाव. पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टवर शेजारच्या बाईला फोन करून अश्लील बोलल्याचा आरोप झाला. पोलीस आले तेव्हा आई आणि वडील दोघंही कामावर होते. घरी चिठ्ठी ठेवली नाही, निरोप दिला नाही. आई संध्याकाळी सहाच्या सुमाराला कामावरून परतली तर पोरगं घरी नाही. थोरल्या मुलाला शोधायला पाठवलं तेव्हा कळलं की त्याला पकडून नेलंय. दुसऱ्या दिवशी सुनावणी. वडील कामासाठी गावाबाहेर. वकील नाही. तक्रार करणारी बाई एकदाही न्यायालयात आली नाही. न्यायाधीशानं जेराल्डला एकवीस वर्षांचा होईपर्यंत सुधारशाळेत पाठवलं, म्हणजे जास्तीत जास्त सहा वर्षं. हाच फोन मोठ्या माणसानं केला असता तर शिक्षा होती पाच ते पन्नास डॉलर दंड किंवा फार तर दोन महिने कैद. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा निकाल फिरवला. मुलांनाही वकिलाचा, आरोप आधी कळण्याचा, साक्षीदाराला उलट विचारण्याचा आणि गप्प राहण्याचा हक्क आहे, असं तिथे पहिल्यांदा ठरलं.

या प्रकरणात मला सारखी दिसते ती कामावरून येऊन रिकाम्या घरात उभी राहिलेली आई. हातावर पोट असलेल्या घरात मुलाच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे खाडा. सुनावणी सकाळी अकराला असते, पाळी सोडून जायचं तर त्या दिवसाची मजुरी गेली, दोनदा गेलं तर नोकरी गेली. मुलाला सुनावणीपर्यंत घरी सोडायचं की नाही हे ठरवताना अधिकारी विचारतो, घरी लक्ष ठेवायला कोण आहे? दोन नोकऱ्या करणाऱ्या एकट्या आईकडे याचं खरं उत्तर ‘कोणी नाही’ असंच असतं. ऐपतदार घर काय करतं? मुलाला खासगी समुपदेशकाकडे नेतं, व्यसनमुक्ती केंद्रात नाव घालतं, चांगला वकील लावतं आणि न्यायाधीशापुढे कागद ठेवतं की बघा, आम्ही सगळी व्यवस्था केली आहे. न्यायाधीश मनापासून म्हणतो, मग आत कशाला पाठवू? त्याच्या मनात वाईट काहीच नसतं. पण ज्याच्याकडे असा कागद नाही, त्याला ‘सेवा मिळावी म्हणून’ आत पाठवलं जातं.

आणि आत गेल्यावर बिल येतं. हे वाचून मी थक्क झालो होतो. कॅलिफोर्नियाच्या अलामीडा काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हाच) मुलाला कोठडीत ठेवल्याबद्दल आईवडिलांना दर दिवसाला सुमारे पंचवीस डॉलर आकारले जात. प्रोबेशनच्या देखरेखीचे पैसे वेगळे, सरकारनं मुलाच्या बचावासाठी दिलेल्या वकिलाचे वेगळे. महिनाभर पोर आत राहिलं की घर कर्जात. अलामीडानं २०१६ मध्ये हे थांबवलं आणि २०१८ पासून सगळ्या कॅलिफोर्नियात अशी नवी आकारणी बंद झाली. पण तोवर किती घरांनी भाड्याचे पैसे या बिलांत घातले असतील?

गरिबी एकटी काय करू शकते हे पाहायचं असेल तर पेनसिल्व्हेनियातल्या लूझर्न काउंटीकडे पाहावं. कोळशाच्या खाणी बंद पडून ओसाडलेला प्रदेश, वस्ती बहुतांशी गोरी. तिथे मार्क सियाव्हरेला नावाचे न्यायाधीश मुलांना क्षुल्लक गोष्टींसाठी सरळ आत पाठवत. एका मुलीनं शाळेच्या उपमुख्याध्यापिकेची टर उडवणारं इंटरनेट पान बनवलं, तिला तीन महिने. बऱ्याच मुलांच्या बाजूला वकीलच नव्हता. ‘वकील नको’ अशा कागदावर आईबापांकडून सह्या घेतल्या जात आणि काही मिनिटांत मुलाला बेड्या. नंतर उघड झालं की सियाव्हरेला आणि त्यांचे सहकारी मायकल कॉनाहन यांनी खासगी बालकोठडीच्या संदर्भात २८ लाख डॉलर घेतले होते. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं दोन हजारांहून जास्त मुलांचे निकाल रद्द केले. सियाव्हरेलांना २०११ मध्ये अठ्ठावीस वर्षांची शिक्षा झाली. त्या मुलांपैकी बहुतेक गोरी होती. रंगानं त्यांना वाचवलं नाही, कारण त्यांच्या आईबापांकडे वकील नव्हता आणि आवाजही नव्हता.

मग सगळं गरिबीवरच ढकलावं का? कृष्णवर्णीय लोक जास्त गरीब, म्हणून त्यांची मुलं जास्त आत, संपला विषय?

नाही संपत. दोन कारणांनी.

पहिलं म्हणजे अमेरिकेत कृष्णवर्णीयांची गरिबी आणि गोऱ्यांची गरिबी एकसारखी नाही. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनं शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे इथे घरासाठी कर्ज देणं धोक्याचं. पुढची काही दशकं गोरी कुटुंबं सरकारी हमीच्या कर्जावर उपनगरांत घरं घेत गेली, त्या घरांच्या किमती वाढल्या, पुढच्या पिढीला मिळाल्या. लाल रेषेच्या आत राहिलेल्यांना भाड्याच्या खोल्या. तिथे शाळांचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो, त्यामुळे स्वस्त घरांच्या वस्तीत शाळाही कंगाल. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी मोजून दाखवलं की १९८५ ते २००० मध्ये जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी दोन तृतीयांश अशा वस्त्यांत वाढली जिथे पाचांत एक तरी माणूस दारिद्र्यरेषेखाली होता. गोऱ्या मुलांमध्ये हे प्रमाण फक्त सहा टक्के. गोऱ्या गरीब मुलाच्या शेजारी बऱ्याचदा खाऊनपिऊन सुखी घर असतं, बरी शाळा असते. कृष्णवर्णीय गरीब मुलाच्या चारी बाजूंना गरिबीच असते आणि जोडीला गस्तीची गाडी. उपनगरातली पोरं तळघरात बसून जे करतात ते इथली पोरं कोपऱ्यावर करतात, कारण घरात जागा नसते. कोपरा पोलिसांच्या नजरेत असतो.

शिकायला किंवा नोकरीला अमेरिकेत नव्यानं गेलेल्या मराठी मुलामुलींना तिथले आपले लोक पहिल्या आठवड्यात सांगतात, ‘त्या भागात संध्याकाळनंतर जाऊ नकोस.’ सांगणाऱ्याच्या पोटात काळजीच असते. पण ‘तो भाग’ असा का झाला, हे सहसा कोणी सांगत नाही.

दुसरं कारण जास्त ठोस आहे. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सुमारे दोन कोटी अमेरिकन मुलांची माहिती, आईवडिलांच्या उत्पन्नापासून मुलांच्या मोठेपणापर्यंत, एकत्र लावून पाहिली. अगदी तळाच्या उत्पन्नाच्या घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांपैकी २१ टक्के जण १ एप्रिल २०१० या एका दिवशी, म्हणजे जनगणनेच्या दिवशी, तुरुंगात होते. याहून धक्कादायक पुढचं आहे. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांत वाढलेल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं तुरुंगात असण्याचं प्रमाण आणि वर्षाला ३६ हजार डॉलर मिळवणाऱ्या घरातल्या गोऱ्या मुलग्यांचं प्रमाण सारखं निघालं. बंगल्यात वाढलेलं कृष्णवर्णीय पोर आणि कसंबसं भागवणाऱ्या घरातलं गोरं पोर, तुरुंगाचा धोका समान. हा आकडा मोठेपणीचा आहे, बालकोठडीचा नाही. पण ‘सगळा खेळ पैशाचा’ म्हणणाऱ्याला त्याचं उत्तर देता येत नाही.

मग पैशापलीकडे काय आहे? विश्वास. ‘पोरगं आहे, चुकलं’ म्हणायला आधी ते पोरगं वाटावं लागतं.

मानसशास्त्रज्ञ फिलिप गॉफ यांच्या २०१४ च्या अभ्यासात लोकांना मुलांचे फोटो आणि त्यांच्यावरचे आरोप दाखवून वय ओळखायला सांगितलं. गंभीर आरोप असलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं वय लोकांनी सरासरी साडेचार वर्षांनी जास्त सांगितलं. तेरा वर्षांचं लेकरू बघणाऱ्याच्या डोळ्याला साडेसतरा वर्षांचा गडी दिसतं. आणि सतरा वर्षांच्या दांडगटाला कोणी ‘चुकलं असेल’ म्हणत नाही.

दुसरा अभ्यास मला याहून महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रयोगशाळेतला नाही, रोजच्या कारकुनी कागदांतला आहे. वॉशिंग्टन राज्यात प्रोबेशन अधिकारी प्रत्येक मुलावर न्यायाधीशासाठी अहवाल लिहितात. जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन या संशोधकांनी असे २३३ अहवाल वाचले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष मांडले. सारख्या गुन्ह्यांसाठी गोऱ्या मुलांबद्दल अधिकारी बहुधा परिस्थिती लिहीत. घरात भांडणं आहेत, संगत वाईट लागली, शाळेत मन रमत नाही. कृष्णवर्णीय मुलांबद्दल बहुधा स्वभाव लिहीत. पश्चात्ताप नाही, कायद्याचा आदर नाही, अधिकाऱ्याशी सहकार्य करत नाही. परिस्थिती बदलता येते, म्हणून त्या मुलाला मदत. स्वभाव बदलत नाही, म्हणून या मुलापासून समाजाला धोका. अहवाल लिहिणारा कोणी दुष्ट नव्हता. त्याला स्वतःला विचारलं असतं तर त्यानं शपथेवर सांगितलं असतं की मी भेदभाव करत नाही. पण न्यायाधीशासमोर दोन वेगळी मुलं उभी राहत, गुन्हा एकच असूनही.

हे आपल्याला नवीन वाटायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या, पण आजही गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालावर आधी धाड पडते. पालावरचं दहा वर्षांचं पोर पोलिसाला ‘पोरगं’ दिसत नाही, पारधी दिसतं.

अमेरिकेत असं अख्ख्या पिढीवर शिक्का मारणं १९९५ च्या सुमाराला झालं. जॉन डिलुलिओ या प्राध्यापकांनी ‘सुपरप्रीडेटर’ हा शब्द रूढ केला. दया-माया नसलेल्या हिंस्र मुलांची लाट येते आहे, असं भाकीत. टीव्हीवर जे चेहरे दिसत ते कृष्णवर्णीय मुलांचे. लाट आलीच नाही, उलट मुलांच्या हिंसक गुन्ह्यांतल्या अटका १९९४ नंतर घसरत गेल्या. पण १९९२ ते १९९७ या काळात ४५ राज्यांनी मुलांना प्रौढांच्या न्यायालयात पाठवणं सोपं करणारे कायदे केले होते. डिलुलिओंनी पुढे चूक मान्य केली आणि २०१२ मध्ये मुलांना सक्तीची आजन्म कैद देण्याविरुद्धच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढच्या निवेदनावर सहीसुद्धा केली. कायदे मात्र एका सहीनं परत फिरत नाहीत.

त्याच वर्षांत शाळांत पोलीस आले. २०१५-१६ या शालेय वर्षात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय १५ टक्के होते, पण शाळेनं पोलिसांकडे सोपवलेल्या किंवा शाळेत अटक झालेल्या मुलांत ३१ टक्के. आपल्या वेळी बाकावर उभं राहून जे भागायचं त्यासाठी तिथे हातात बेड्या पडू लागल्या.

टेनेसीच्या रदरफर्ड काउंटीतलं एक प्रकरण सांगतो. २०१६ साल. बास्केटबॉल खेळताना पाच-सहा वर्षांची दोन पिटुकली मुलं एका मोठ्या मुलाला गुद्दे मारू लागली. सभोवती पोरं उभी. कोणीतरी व्हिडिओ काढला. पोलिसांनी त्या चिमुरड्यांना नाही, तर बघत उभ्या राहिलेल्या मुलांना पकडलं. आरोप काय, तर भांडण थांबवलं नाही. असा गुन्हाच राज्याच्या कायद्यात नव्हता. एकूण अकरा मुलं, सगळी कृष्णवर्णीय. चार मुलींना शाळेतून नेलं, त्यांतली सर्वांत लहान आठ वर्षांची. नंतर पत्रकारांनी खोदलं तेव्हा दिसलं की तिथल्या बालन्यायाधीश डॉना स्कॉट डॅव्हनपोर्ट यांच्या कारभारात मुलांना आत ठेवण्याची सवयच लागली होती. २०१४ मध्ये राज्यात सरासरी पाच टक्के प्रकरणांत मुलांना कोठडीत ठेवलं जाई, या काउंटीत ४८ टक्के. तिथे गोरी मुलंही आत जात होती, हे नोंदवायला हवं. २०२१ मध्ये काउंटीनं बेकायदा डांबलेल्या मुलांसाठी एक कोटी दहा लाख डॉलरपर्यंत भरपाई मान्य केली. पुढच्या वर्षी न्यायाधीश निवृत्त झाल्या.

आता एक गोष्ट, जी सगळ्यांत जास्त बोलकी आहे असं मला वाटतं. २००० साली एका दिवसाला १ लाख ८ हजारांहून जास्त अमेरिकन मुलं बंदिस्त होती. २०२० पर्यंत हा आकडा २५ हजारांच्या आसपास आला. वीस वर्षांत तीन चतुर्थांश घट. गुन्हे कमी झाले, कायदे बदलले, जुन्या प्रचंड सुधारशाळा बंद पडल्या. मिझुरीनं तर १९८३ मध्येच बूनव्हिलची मोठी संस्था बंद करून घराजवळच्या छोट्या गटांची पद्धत आणली होती, तिचं अनुकरण होऊ लागलं. कृष्णवर्णीय मुलांचा दरही खूप उतरला आणि हजारो घरांना त्याचा दिलासा मिळाला. पण दोन रंगांमधली दरी? २००१ मध्ये ती चौपट होती. २०१५ मध्ये पाचपट झाली. २०२१ मध्ये पावणेपाच पट.

म्हणजे माफी वाढली, पण वाटणीत ती आधी ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच जास्त गेली. कारण सुधारणा म्हणजे काय होतं? पोलिसानं दम देऊन सोडावं, शाळेनं समुपदेशकाकडे पाठवावं, न्यायाधीशानं घरी पाठवून कार्यक्रमाला बसवावं. पुन्हा मर्जीच वाढली. आणि त्या कार्यक्रमाला आठवड्यातून दोनदा मुलाला गाडीनं न्यायला-आणायला कोणीतरी घरी असावं लागतं. गरिबी आणि रंग या दोन वेगळ्या रांगा नाहीत. एकीनं पोराकडून बचावाची साधनं काढून घेतली, दुसरीनं संशयाचा फायदा काढून घेतला. कलीफ ब्राउडरच्या बाबतीत दोन्ही एकाच प्रकरणात घडलं. पोलिसानं रिकाम्या खिशांवर विश्वास ठेवला नाही आणि घरात तीन हजार डॉलर नव्हते.

‘निदान आत जाऊन सुधारतात तरी ना?’ असं कोणी विचारेल. ॲना आयझर आणि जोसेफ डॉइल या अर्थतज्ज्ञांनी शिकागोच्या हजारो मुलांच्या नोंदी तपासल्या. तिथे कुठलं प्रकरण कुठल्या न्यायाधीशाकडे जाईल हे जवळपास चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. काही न्यायाधीश कडक, काही मवाळ. त्यामुळे सारख्याच मुलांपैकी काही आत गेली, काही घरी राहिली, आणि दोघांची पुढची आयुष्यं ताडून पाहता आली. आत गेलेल्यांची शाळा पूर्ण होण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांच्या फरकानं घटली आणि मोठेपणी तुरुंगात जाण्याची शक्यता सुमारे २३ टक्क्यांच्या फरकानं वाढली. कोठडी पोराला शाळेच्या वर्गातून उचलते आणि परत आणून सोडते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो, बाकावर दुसरंच कोणी बसलेलं असतं.

कलीफच्या मृत्यूनंतर न्यू यॉर्कनं कायदा बदलला. २०१७ मध्ये तो मंजूर झाला, ऑक्टोबर २०१८ पासून सोळा वर्षांची आणि ऑक्टोबर २०१९ पासून सतरा वर्षांची मुलं आपोआप प्रौढ आरोपी धरली जाणं थांबलं. इतर राज्यांनीही हीच वाट धरली होती. पण २०२० नंतर कोठडीतला आकडा पुन्हा चढू लागला, २०२२ मध्ये तो साडेसत्तावीस हजारांच्या पुढे गेला, आणि जुनी भाषाही परत ऐकू येते आहे.

लुइझियाना राज्यात अंगोला नावाचा प्रचंड तुरुंग आहे. पूर्वी तो गुलामांच्या श्रमावर चालणारा मळा होता. गुलाम ज्या देशातून आणले त्याचंच नाव त्या मळ्याला पडलं आणि तेच तुरुंगाला राहिलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्यानं बालगुन्हेगारांपैकी काहींना तिथे हलवलं. फाशीच्या कैद्यांसाठी एके काळी वापरलेल्या इमारतीत मुलं ठेवली. त्यांतली बहुतेक कृष्णवर्णीय होती. दक्षिणेचा उन्हाळा, बिनखिडक्यांच्या कोठड्या. सप्टेंबर २०२३ मध्ये संघराज्य न्यायाधीश शेली डिक यांनी मुलांना तिथून हलवण्याचा आदेश दिला. मुलं हलवली गेली. पुढच्याच वर्षी राज्याच्या विधिमंडळानं वयाचा कायदा मागे फिरवला, आणि एप्रिल २०२४ पासून लुइझियानात अटक झालेला सतरा वर्षांचा मुलगा पुन्हा प्रौढ धरला जातो.